हात चाकावर, डोळे वाटेवर

प्रस्तावना

तमिळनाडूतील तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इ. स. १६७५ च्या सुमारास तेथे मराठी राज्याचा पाया घातला आणि ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे त्या काळाची साक्ष देतात. आजही तंजावर परिसरातील काही घरांत मराठी बोलली जाते. म्हणूनच महाराष्ट्रातून दक्षिणेच्या यात्रेला निघालेली अनेक कुटुंबे तंजावरला मुक्काम करतात आणि तेथून गाडी करून कुंभकोणम व स्वामीमलै पाहावयास जातात.

तंजावरहून कुंभकोणम सुमारे चाळीस किलोमीटर दूर आहे. कुंभकोणमच्या थोडे अलीकडे स्वामीमलै लागते. मुरुगन, म्हणजेच आपला कार्तिकेय, याच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. अंतर फार नाही. पण या लहानशा प्रवासात चालकाला किती तरी गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. समोरचा रस्ता, मागून येणारी वाहने, मधली गावे, अचानक आलेला पाऊस आणि मागच्या आसनावरून आलेली फर्माईश : “अहो दादा, जरा गाणी लावा ना!”

गाणी लावणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु ते कसे लावावे, केव्हा लावावे आणि त्यासाठी गाडीत कोणती सोय केलेली असते, हे नीट ठाऊक नसेल तर तेच क्षुल्लक काम जिवावर बेतू शकते. गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकावर व त्याच्या दांड्यावर बसवलेली नियंत्रणे आणि गाडीतील ध्वनिसंच यांची ओळख या पाठात आपण करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- गाडीची नियंत्रणे चाकाजवळ का बसवली जातात, याचे कारण सांगता येईल.
- इंडिकेटर, दिवे आणि वायपर यांच्या दांड्यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
- ध्वनिसंचाचा सुरक्षित वापर कसा करावा, हे सांगता येईल.
- वाहन चालवताना लक्ष विचलित होण्याचे प्रकार ओळखता येतील.

१. दोन सेकंदांचा हिशेब

समजा, तुम्ही स्वामीमलैकडे निघालेल्या गाडीचे चालक आहात. गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटर आहे. हा काही फार मोठा वेग नव्हे. आता एक साधे गणित करू. ताशी किलोमीटरमधील वेगाला ५ ने गुणून १८ ने भागले, की दर सेकंदाला गाडी किती मीटर पुढे जाते ते कळते. ५४ ला ५ ने गुणले तर २७० होतात आणि त्यास १८ ने भागले तर उत्तर येते १५. म्हणजे तुमची गाडी दर सेकंदाला १५ मीटर पुढे जात आहे.

ध्वनिसंचावरील बटण शोधण्यासाठी तुम्ही केवळ दोन सेकंद मान खाली घातली, तर तेवढ्या वेळात गाडी ३० मीटर पुढे गेलेली असते. रेल्वेच्या एका संपूर्ण डब्याच्या लांबीपेक्षाही हे अंतर अधिक आहे. हे सर्व अंतर तुम्ही न पाहता कापले! या ३० मीटरमध्ये एखादी सायकल आडवी येऊ शकते, थांब्यावरची बस निघू शकते किंवा शाळेतून सुटलेले मूल रस्त्यावर धावू शकते. मान वर केल्यानंतर धोका दिसणे, पाय ब्रेकवर जाणे आणि गाडी प्रत्यक्ष थांबणे यांना आणखी वेळ लागतो, तो वेगळाच.

चालकाचे लक्ष तीन प्रकारे विचलित होते. पहिला प्रकार डोळ्यांचा : नजर रस्त्यावरून हटते. दुसरा हातांचा : हात चाकावरून सुटतो. तिसरा मनाचा : डोळे रस्त्यावर आणि हात चाकावर असूनही चित्त भलतीकडेच असते. हे तीन प्रकार लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांचा उपयोग होणार आहे.

२. नियंत्रणे चाकाजवळ का आली?

मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात चालकासमोर फारशी साधने नव्हती. पुढे दिवे आले, भोंगा आला, वायपर आले आणि वळण्याची सूचना देणारे इंडिकेटर आले. प्रत्येक साधनासाठी एक कळ हवी आणि ती चालकाच्या हाताशी हवी. मग ती कोठे बसवावी? चालकाचे हात सदैव चाकावर असतात. तेव्हा जी साधने वारंवार लागतात, त्यांच्या कळा चाकाच्या जवळच असणे सोयीचे, हे अनुभवाने कळत गेले.

आपल्या देशातील एक उदाहरण पाहा. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी कित्येक वर्षे भारतीय रस्त्यांवर राज्य केले. या गाड्यांत गिअरची दांडीदेखील स्टिअरिंगच्या दांड्यावर, चाकाच्या डाव्या बाजूस असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चालक चाकामागची ती दांडी वरखाली करीत असलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र सहज आठवेल. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आता बहुतेक गाड्यांत गिअरची दांडी खाली, दोन आसनांच्या मध्ये असते.

ध्वनिसंचाचा इतिहासही असाच मनोरंजक आहे. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन बंधूंच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने मोटारीसाठी रेडिओ तयार केला. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते! एवढा मोठा संच चालकाच्या हाताजवळ बसवणे शक्य नव्हते. म्हणून तो गाडीत दुसरीकडे ठेवून, तो चालवण्याची कळ स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवण्यात आली. आजच्या गाडीत चाकावर दिसणारी आवाजाची बटणे नवी वाटतात खरी, परंतु त्यांच्यामागची कल्पना नव्वदहून अधिक वर्षांची आहे.

पुढे साधने बदलत गेली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली आणि काही वर्षांतच गाडीत कॅसेट वाजू लागल्या. भारतात एफएम प्रक्षेपणाचा प्रारंभ १९७७ मध्ये तमिळनाडूच्याच राजधानीत, त्या वेळच्या मद्रासमध्ये झाला. कॅसेटनंतर सीडी आली. सीडीनंतर पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ आले. वाजवण्याचे साधन बदलले, तरी चालकापुढचा प्रश्न मात्र तोच राहिला : रस्त्यावरची नजर न हटवता हे कसे हाताळावे?

पाठगत प्रश्न – १

१. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत किती मीटर अंतर कापेल?
२. १९३२ च्या जर्मन रेडिओची कळ स्टिअरिंगच्या दांड्यावर का बसवावी लागली?

३. चाकामागच्या दोन दांड्या

चालकाच्या आसनावर बसून पाहिले, की चाकाच्या मागे डाव्या व उजव्या अंगास एकेक दांडी दिसते. चाकावरचा हात न उचलता, केवळ बोटे लांब करून ती हलवता यावी, अशी तिची रचना असते.

*इंडिकेटर व दिव्यांची दांडी :* भारतीय व जपानी बनावटीच्या बहुतेक गाड्यांत ही दांडी उजव्या बाजूला असते. आपल्याकडे चालक गाडीच्या उजवीकडे बसतो आणि गिअर बदलण्याचे काम डाव्या हाताकडे असते. तेव्हा वळणापूर्वी डावा हात गिअरमध्ये गुंतलेला असला, तरी उजव्या हाताच्या बोटांनी इंडिकेटर देता येतो. अनेक युरोपीय बनावटीच्या गाड्यांत मात्र ही दांडी डावीकडे असते. म्हणून नवी गाडी हाती आली, की ही बाब प्रथम पाहून घ्यावी. एरवी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतात आणि मागच्या वाहनाला तुमचा हेतू कळतच नाही.

कोणत्या वळणासाठी दांडी वर करावी आणि कोणत्या वळणासाठी खाली, याचा अनेकांचा गोंधळ होतो. त्यासाठी एक सोपा नियम आहे : चाक ज्या दिशेने फिरवणार, त्याच दिशेने दांडी हलवावी. उजवीकडे वळताना चाकावरचा उजवा हात खाली जातो. म्हणून उजवीकडील दांडी खाली करावी. डावीकडे वळताना तोच हात वर जातो. म्हणून दांडी वर करावी. दांडी डावीकडे असली तरी हाच नियम लागू पडतो. हात आणि दांडी एकाच दिशेने गेली, की पाठांतराची गरज उरत नाही.

वळण पूर्ण होऊन चाक सरळ झाले, की इंडिकेटर आपोआप बंद होतो. चाकाच्या दांड्यावरील एक उंचवटा परत फिरताना दांडीला धक्का देतो, त्यामुळे असे घडते. परंतु वळण अगदी थोडे असेल किंवा तुम्ही केवळ रस्त्याची मार्गिका बदलली असेल, तर चाक पुरेसे फिरत नाही आणि इंडिकेटर चालूच राहतो. मागच्या चालकाला वाटते, की तुम्ही वळणार. तुम्ही तर सरळच जात असता. अशा गैरसमजातून अपघात घडतात. म्हणून इंडिकेटरचा ‘टिक्-टिक्’ आवाज कानी येत राहिला, तर दांडी स्वतः मध्यभागी आणावी. हा आवाज ऐकू येण्यासाठी गाण्यांचा आवाज मर्यादित हवा, हेही ध्यानात घ्या.

याच दांडीचे टोक फिरवले, की दिवे लागतात. पहिल्या टप्प्यात लहान दिवे आणि दुसऱ्या टप्प्यात पुढचे मोठे दिवे, अशी सामान्य रचना असते. मोठे दिवे चालू असताना दांडी पुढे ढकलली, की प्रकाशझोत दूरवर जातो. समोरून वाहन येताना मात्र झोत खाली आणावा. समोरच्या चालकाचे डोळे दिपले, तर त्याच्या इतकाच धोका तुम्हालाही असतो.

*वायपरची दांडी :* इंडिकेटरची दांडी उजवीकडे असेल, तर वायपरची दांडी डावीकडे असते. पावसाच्या जोराप्रमाणे वायपर थांबून थांबून, संथ किंवा जलद चालवता येतात. दांडी स्वतःकडे ओढली, की काचेवर पाण्याचा फवारा उडतो. महाराष्ट्रातून गेलेल्या चालकाने येथे एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडचा पाऊस सप्टेंबरअखेर ओसरू लागतो. तमिळनाडूत मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. दिवाळीच्या सुटीत स्वामीमलैला निघालेल्या गाडीचे वायपर तपासलेले नसतील, तर ऐन रस्त्यात अडचण उभी राहते.

४. भोंगा : बोलण्याचे साधन, ओरडण्याचे नव्हे

बहुतेक गाड्यांत चाकाच्या मध्यभागी दाबले, की हॉर्न वाजतो. हॉर्नचा हेतू सावध करणे हा आहे. राग व्यक्त करण्यासाठी किंवा घाई दाखवण्यासाठी तो नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो आणि अशा क्षेत्रात हॉर्न वाजवण्यास मनाई असते. आपत्काळाचा प्रसंग तेवढा त्यास अपवाद. मंदिराजवळच्या अरुंद रस्त्यावर पायी चालणाऱ्या वृद्ध भाविकाच्या पाठीशी जोराने हॉर्न वाजवला, तर तो दचकून नेमका गाडीसमोरच येण्याचा संभव असतो. तेथे वेग कमी करणे हाच खरा इशारा.

चाकाच्या याच मध्यभागी, झाकणाखाली, चालकाची एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली. जोराची टक्कर झाली, की पापणी लवते न लवते तोच ती पिशवी फुगते आणि चालकाचे डोके व छाती वाचवते. म्हणून चाकाच्या मध्यभागी देवाची धातूची प्रतिमा, घड्याळ किंवा शोभेची वस्तू चिकटवू नये. श्रद्धा मनात असावी; चाकावर चिकटवलेली वस्तू टकरीच्या वेळी चेहऱ्यावर आदळू शकते.

५. ध्वनिसंच आणि चाकावरची बटणे

आता आपण आपल्या मूळ फर्माईशीकडे येऊ. गाडीतील ध्वनिसंच हा समोरच्या फळीच्या मध्यभागी असतो. त्याची मुख्य बटणे तेथेच असतात. अनेक गाड्यांत त्यांपैकी नेहमी लागणारी बटणे चाकाच्या आडव्या पट्टीवर, बहुधा डाव्या अंगठ्याजवळ, पुन्हा दिलेली असतात. त्यांचे काम थोडक्यात असे :

- अधिक व उणे चिन्हांची बटणे आवाज वाढवतात व कमी करतात.
- बाणांची बटणे पुढचे किंवा मागचे गाणे लावतात; रेडिओ चालू असल्यास दुसरे केंद्र शोधतात.
- ‘मोड’ किंवा ‘सोर्स’ हे बटण रेडिओ, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ यांपैकी एक साधन निवडते.
- ‘म्यूट’चे बटण आवाज तत्काळ बंद करते.
- काही गाड्यांत टेलिफोनच्या चित्राची बटणे फोन घेण्यासाठी व बंद करण्यासाठी असतात.

या सर्व बटणांत सर्वांत मोलाचे बटण कोणते? अनेक जण आवाज वाढवण्याचे बटण सांगतील. चालकाच्या दृष्टीने मात्र आवाज तत्काळ बंद करणारे बटण सर्वांत मोलाचे आहे. मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, पुढे रेल्वेचे फाटक दिसले, गर्दीचा चौक आला किंवा गाडीच्या चाकातूनच काही वेगळा आवाज येऊ लागला, तर प्रथम हे बटण दाबावे. तंजावर–कुंभकोणम लोहमार्गावर स्वामीमलै हे स्थानक आहे. लोहमार्ग ओलांडावा लागला, तर इंजिनाची शिट्टी ऐकण्यासाठी कान मोकळेच हवेत.

आवाज किती असावा, यासाठी एक घरगुती कसोटी आहे. गाडीच्या काचा बंद करून गाणे लावावे. बाहेर उभ्या असलेल्या सोबत्याला नेहमीच्या स्वरात हाक मारावयास सांगावे. हाक ऐकू आली, तर आवाज योग्य. ऐकू आली नाही, तर तो अधिक आहे असे समजावे. जुलै २०१९ पासून तयार झालेल्या मोटारींत वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला, की सूचना देणारा ध्वनी वाजतो. तो ध्वनीही गाण्यात बुडून जाता कामा नये.

रेडिओबाबत आणखी एक गोष्ट. एफएमच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. त्यामुळे प्रक्षेपण केंद्रापासून दूर गेले, की कार्यक्रम खरखरू लागतो. अशा वेळी अनेक चालक वाकून दुसरे केंद्र शोधत बसतात. त्याऐवजी गाडी उभी असतानाच वाटेवरची केंद्रे शोधून ती संचाच्या क्रमांकित बटणांवर साठवून ठेवावीत. बहुतेक संचांत क्रमांकाचे बटण काही क्षण दाबून धरले, की केंद्र साठवले जाते.

पाठगत प्रश्न – २

१. इंडिकेटरची दांडी कोणत्या दिशेने हलवावी, याचा सोपा नियम कोणता?
२. आवाज बंद करण्याचे बटण चालकासाठी मोलाचे का आहे?

६. फिरत्या चाकात वीज कशी पोचते?

एक शंका तुमच्या मनात आली असेल. चाक तर सारखे फिरत असते. मग त्यावरील बटणांच्या तारा पिळवटून तुटत कशा नाहीत? यासाठी चाकाच्या मागे एक चपटा, गोल डबा बसवलेला असतो. घड्याळातील कमानीप्रमाणे गुंडाळलेली एक चपटी तारपट्टी त्यात असते. चाक एका बाजूस फिरले, की ती आवळली जाते. दुसऱ्या बाजूस फिरले, की सैल होते. कारागीर तिला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. हॉर्न, एअरबॅग आणि ध्वनिसंचाची बटणे या सर्वांचे विद्युतप्रवाह तिच्यातून जातात.

अनेक गाड्यांत इतक्या बटणांसाठी दोन-तीन ताराच पुरतात. प्रत्येक बटणाला वेगवेगळा विद्युतरोध जोडलेला असतो. बटण दाबले, की ध्वनिसंचाला मिळणारा विद्युतदाब बदलतो आणि त्यावरून कोणते बटण दाबले गेले हे संच ओळखतो. नव्या गाड्यांत हेच काम संगणकीय संकेतांनी होते.

या माहितीचा व्यवहारात उपयोग आहे. हॉर्न वाजेनासा झाला, चाकावरची बटणे चालेनाशी झाली आणि समोरच्या फळीवर एअरबॅगचा इशारादिवा लागला, असे सर्व एकाच वेळी घडले, तर दोष बहुधा या तारपट्टीत असतो. अशा वेळी चाक स्वतः उघडण्याचे धाडस करू नये. एअरबॅग चुकून फुगली तर गंभीर इजा होते. हे काम शिकलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

७. हात मोकळे, पण मन?

चाकावरच्या बटणांनी विचलनाचे पहिले दोन प्रकार बरेच कमी होतात. नजर रस्त्यावर राहते आणि हातही चाकावर राहतात. पण तिसऱ्या प्रकाराचे काय? चाकावरचे बटण दाबून फोन घेतला आणि पलीकडून घरच्या तंट्याची किंवा उसनवारीची गोष्ट निघाली, तर चालकाचे मन गाडीत राहत नाही. मनाला रस्त्यावर आणणारे बटण अद्याप कोणत्याही गाडीत बसवलेले नाही. ते काम चालकाच्या निश्चयालाच करावे लागते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली सुधारणा झाली. त्यानुसार वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या अपराधासाठी सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जो माणूस वाहन चालवून पोट भरतो, त्याच्या दृष्टीने हा केवळ दंडाचा प्रश्न नाही. त्याचा परवाना, त्याची रोजी आणि त्याच्या भरवशावर मागे निर्धास्त झोपलेली माणसे, हे सर्वच पणाला लागलेले असते. म्हणून फोन महत्त्वाचा असेल, तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करून बोलावे.

८. हाताला आलेले ज्ञान

स्वामीमलै हे कांस्यमूर्तींसाठीही प्रसिद्ध आहे. तेथील स्थपती प्रथम मेणाची मूर्ती घडवतात. तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचा लेप देतात. तो वाळल्यावर साचा तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. मेणावर फिरणारी त्यांची बोटे पाहिली, की जाणवते, हे ज्ञान केवळ डोक्यात नाही, ते हातात उतरले आहे. अनेक वर्षे तेच काम मन लावून केल्याने ते तेथे पोचते.

चालकालाही असेच करावे लागते. नवी गाडी मिळाली, की ती उभी असतानाच, इंजिन बंद ठेवून, प्रत्येक दांडी व बटण डोळ्यांनी पाहावे. नंतर समोर नजर ठेवून केवळ बोटांनी ते शोधावे. इंडिकेटर, झोत, वायपर, आवाज बंद करण्याचे बटण असा क्रम पुनःपुन्हा करावा. बोटे अचूक जागी जाऊ लागली, की समजावे, गाडी आपली झाली.

निघण्यापूर्वीची कामेही उभ्या गाडीतच उरकावीत. फोन ब्लूटूथने जोडणे, गाण्यांची यादी लावणे, मार्ग पाहून घेणे, आरसे व आसन जुळवणे ही सर्व कामे पहिला गिअर टाकण्यापूर्वीची आहेत. वाटेत प्रवाशांनी दुसरी गाणी मागितली, तर शेजारी बसलेल्या प्रवाशाला नम्रपणे सांगावे, “ताई, तेवढे बटण तुम्हीच दाबा; माझे लक्ष रस्त्यावर असू द्या.” असे सांगण्यात कमीपणा नाही. चालकाच्या या उत्तराने प्रवाशांचा त्याच्यावरील विश्वास वाढतो.

समारोप

स्वामीमलैच्या मंदिरात जाण्यासाठी साठ पायऱ्या चढाव्या लागतात. तमिळ कालगणनेतील साठ संवत्सरांची ती प्रतीके मानली जातात. या स्थानाची कथा अशी सांगतात, की येथे बाल कार्तिकेयाने आपल्या पित्याला, साक्षात शिवाला, ॐकाराचा अर्थ कानात सांगितला. पित्याने शिष्य होऊन तो ऐकला. म्हणून पुत्राला स्वामिनाथ हे नाव मिळाले.

मोठ्या वयात काही नवे शिकताना अनेकांना संकोच वाटतो. आपल्याच मुलाकडून गाडीतील नव्या संचाची बटणे समजून घेताना मन जरा कचरते. अशा वेळी ही कथा आठवावी. शिकताना वय आड येत नाही. ऐकण्याची तयारी मात्र हवी. आणि रस्त्यावर तर ती सदैवच हवी, कारण सावध चालकाचे कान गाण्याआधी रस्त्याचे असतात.

आपण काय शिकलो?

- ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३० मीटर पुढे जाते.
- वारंवार लागणारी नियंत्रणे चाकाजवळ असतात, कारण त्यामुळे नजर रस्त्यावर व हात चाकावर राहतात.
- चाक ज्या दिशेने फिरवणार, त्याच दिशेने इंडिकेटरची दांडी हलवावी.
- गाण्यांचा आवाज बाहेरची हाक ऐकू येईल इतकाच असावा.
- बटणे हात व डोळे मोकळे ठेवतात. मन रस्त्यावर ठेवणे ही चालकाची जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. लक्ष विचलित होण्याचे तीन प्रकार कोणते? प्रत्येकाचे एक उदाहरण तुमच्या अनुभवातून द्या.
२. ‘मनाला रस्त्यावर आणणारे बटण अद्याप कोणत्याही गाडीत बसवलेले नाही’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. स्थपतीची बोटे आणि चालकाची बोटे यांत लेखात कोणते साम्य दाखवले आहे?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या अनुभवी चालकाला भेटा. नवी गाडी हाती आल्यावर ते प्रथम काय पाहतात, हे विचारून दहा ओळींत लिहा.
५. चालत्या गाडीत प्रवासी मोठ्या आवाजात गाणी लावण्याचा आग्रह करीत आहेत. चालक व प्रवासी यांच्यातील संवाद आठ ते दहा वाक्यांत लिहा.